डबल लिव्हर कटर: पाकिटावरचा आकडा बाजूला ठेवून स्वतः कसा तपासावा

कटरच्या पाकिटावर ‘५ मिमी’ छापलेलं असतं. कशाची ५ मिमी, हे बऱ्याचदा छापलेलं नसतं, आणि सगळा फरक तिथेच आहे. कटरची क्षमता सांगताना चांगले उत्पादक तारांचे चार वर्ग धरतात. तांब्यासारख्या मऊ तारेची ताणशक्ती, म्हणजे तुटेपर्यंत ती सोसते तो ताण, दर चौरस मिमीला साधारण २२० न्यूटन, साध्या खिळ्याची ७५०, कडक पोलादी तारेची १८०० आणि पियानो वायरची २३००. क्निपेक्स या जर्मन कंपनीचा २०० मिमी लांबीचा कोबोल्ट हा मिनी बोल्ट कटर घ्या. त्याची मर्यादा मऊ तारेला ६ मिमी, खिळ्याच्या वर्गाला ५.२, कडक तारेला ४ आणि पियानो वायरला ३.६ मिमी अशी दिलेली असते. हत्यार एकच, आकडे चार. एखाद्या कटरवर एकच आकडा असेल तर तो मऊ तारेचा आहे असंच धरून चालावं.

हे चार आकडेही फक्त ‘तुटेल’ एवढंच सांगतात. किती जोर लागेल आणि त्यानंतर धारेचं काय होईल, हे त्यात नाही. रोजच्या कामात २-३ मिमीची तार दिवसातून पन्नास-शंभर वेळा तोडावी लागते. अशा माणसाला ५ मिमीची तार एकदा तुटली याचा उपयोग फारसा नाही. ३ मिमीचा खिळा शंभराव्या वेळीही पहिल्याइतक्याच जोरात तुटतो का, हे त्याला कळायला हवं. ते मोजता येतं आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बेंच व्हाइस, सामान लटकवून तोलायचा ५० किलोचा डिजिटल काटा, व्हर्नियर आणि भिंग एवढं सामान पुरतं. डोळ्यांवर गॉगल मात्र पहिल्या कापापासून शेवटच्या कापापर्यंत हवाच.

आधी सांधा पाहा

साध्या पक्कडीत एकच रिव्हेट असतो. मूठ आणि जबडा हे एकाच तरफेचे दोन भाग असतात आणि रिव्हेट हा टेकू. डबल लिव्हरमध्ये मूठ थेट जबडा हलवत नाही. ती एक छोटी तरफ ढकलते आणि ती तरफ जबडा हलवते. त्यामुळे पिना मोजा. मिनी बोल्ट कटरच्या घडणीत जबड्यांच्या वेगळ्या, मुठी जोडणारी वेगळी आणि मूठ जिथे जबड्याला भिडते तिथल्या वेगळ्या अशा चार-पाच पिना दिसतात. डबल लिव्हरच्या साइड कटरमध्ये त्या कमी असतात, पण दुसरा सांधा डोळ्यांना दिसतोच.

‘हाय लिव्हरेज’ हे नाव मात्र फसवतं. अशा पक्कडीत बहुधा रिव्हेट धारेच्या थोडा जवळ सरकवलेला असतो, सांधा एकच राहतो. ती वाईट नसते, साध्यापेक्षा हलकीच चालते. पण डबल लिव्हरशी तिची तुलना करून निकाल काढू नये.

आता हा खटाटोप कशासाठी, ते एका हिशोबातून पाहा. ३ मिमी खिळ्याचं क्षेत्रफळ ७ चौरस मिमी. ७५० च्या ताणशक्तीने गुणलं की ५३०० न्यूटन होतात. कातरायला ताणशक्तीच्या दोन तृतीयांश जोर पुरतो असं धरलं तर ३५०० न्यूटन. तार रिव्हेटपासून १२ मिमीवर आणि हात १०० मिमीवर असेल, तर साध्या पक्कडीत जोर साधारण आठपट होतो. म्हणजे हाताने ४२० न्यूटन, सुमारे ४३ किलो दाब द्यायचा. धडधाकट माणसाची पूर्ण ताकदीची पकड साधारण एवढीच असते आणि ती दिवसभर टिकत नाही. २० पट जोर देणाऱ्या कटरने हेच काम १८ किलोत होतं.

जोर किती पट, ते पट्टीने मोजा

तरफ फुकट काही देत नाही. जोर २० पट झाला तर जबड्याची हालचाल मुठीच्या विसाव्या हिश्श्याएवढीच होते. याच नियमाचा फायदा घेऊन कोणत्याही कटरचं खरं प्रमाण काही न तोडता काढता येतं.

मुठीवर एक खूण करा, टोकापासून साधारण ४० मिमीवर, जिथे मधलं बोट बसतं. धारेच्या मधोमध दुसरी खूण करा. आता ५, ४, ३, २ आणि १ मिमीच्या ड्रिल बिटचे गुळगुळीत दांडे एकेक करून धारेवरच्या खुणेपाशी ठेवा आणि मुठी हलकेच मिटवा, दांडा नुसता टेकेल इतक्याच. दाबायचं नाही. प्रत्येक वेळी दोन्ही मुठींवरच्या खुणांमधलं अंतर लिहून ठेवा. समजा, ४ मिमीच्या बिटला ते १३० मिमी आलं आणि ३ मिमीला ११२. मुठी १८ मिमी मिटल्या तेव्हा जबडा १ मिमी मिटला, म्हणून त्या टप्प्यात प्रमाण १८. पुढे ३ ते २ मिमीच्या टप्प्यात फरक २२ आला तर प्रमाण २२.

हे प्रमाण सगळीकडे सारखं येत नाही. बोल्ट कटरच्या घडणीत जबडा मिटत जातो तसा जोर वाढतो, म्हणजे जबडा जास्त उघडा असताना तो सर्वात कमी असतो. जाड तार नेमकी त्याच अवस्थेत पकडावी लागते. हाताचीही अडचण तिथेच येते, कारण बोटं फाकलेली असताना पकडीत ताकद कमी असते. अमेरिकेतली नायोश ही कामगार-आरोग्य संस्था दोन मुठींच्या जोरकस हत्यारांसाठी सुचवते की मुठी मिटल्यावर त्यांच्यात निदान ५० मिमी अंतर राहावं आणि उघडल्यावर ते ९० मिमीच्या वर जाऊ नये. बरेच डबल लिव्हर कटर पूर्ण उघडल्यावर ही मर्यादा ओलांडतात. म्हणून ‘३ मिमीच्या बिटला मुठी किती फाकतात’ हा आकडा एकूण प्रमाणाइतकाच महत्त्वाचा मानावा. तो ९० च्या आत असेल तर रोजची तार एका हाताने तुटेल. १२० असेल तर दुसरा हात लावावा लागतो, मग तार कोण धरणार?

मुठी पूर्ण मिटल्यावर तळवा चिमटत नाही ना, हेही इथेच पाहून घ्या. दुसऱ्या सांध्यापाशी कातडी सापडते ती बहुधा तर्जनीच्या मुळाजवळ. जबडे मिटण्याआधीच मुठी एकमेकींना टेकत असतील तर तो कटर तिथेच बाजूला ठेवावा. तो तार अर्धवटच तोडेल, आणि धार झिजत गेली की आणखीच.

नवी धार तपासताना

जबडे मिटून दिव्यासमोर धरा. दोन्ही धारांमध्ये टोकाशी प्रकाश अजिबात दिसू नये. सांध्याकडे केसाएवढी फट चालते, कारण जोर लावल्यावर टोकं किंचित फाकतात आणि धार मागच्या बाजूनेही भिडते. टोकाशी फट आणि मागे घट्ट, अशी उलट स्थिती असेल तर तो कटर पातळ तार कधीच नीट तोडणार नाही.

मग पातळ कागद. धारेच्या टोकाशी, मध्ये आणि सांध्याजवळ एकेक काप घ्या. कागद फाटता किंवा दुमडता कामा नये, तुटला पाहिजे. त्यानंतर मल्टिस्ट्रँड वायरमधला तांब्याचा एकच बारीक धागा टोकाने तोडा. लोंबकळत राहिला तर दोन धारा एका रेषेत नाहीत. मुठी उघड्या ठेवून जबडे आडवे हलवूनही पाहा. आडवी चाल जाणवली की समजावं, कडक तारेवर एक धार दुसरीच्या बाजूला घसरणार. डबल लिव्हरमध्ये पिना जास्त, म्हणून ढिलाईच्या जागाही जास्त. नव्या हत्यारात ही चाल हाताला कळू नये.

धारेचा कडकपणा नेमका मोजायला यंत्र लागतं, पण अंदाज नव्या बारीक दातांच्या कानशीने येतो. कानशीचं पोलाद साधारण ६२ ते ६६ एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) इतकं कडक असतं. धारेवर नाही, धारेला लागून असलेल्या जबड्याच्या बाजूवर, न दिसणाऱ्या जागी एक हलका घास मारा. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर धारेजवळचं पोलाद कडक केलेलं आहे. कानशीने सहज भुकटी काढली तर हा कटर तांबं आणि ॲल्युमिनियमचाच.

जोर मोजायची मांडणी

कटरची एक मूठ लाकडी पट्ट्यांच्या मध्ये धरून व्हाइसमध्ये आवळा, पण सांध्याकडचा अर्धाच भाग. टोकाकडचा अर्धा भाग व्हाइसच्या बाहेर राहू द्या. दुसरी मूठ तिच्या बरोबर वर यायला हवी. वरच्या मुठीवर, ४० मिमीच्या खुणेपाशी, कापडी पट्टा टाका. त्याचे दोन पदर खालच्या मुठीच्या दोन्ही अंगांनी खाली आणा आणि हुकाचा काटा त्यांना अडकवा. काटा सरळ खाली, एका लयीत ओढा, तीन सेकंदांत काप पूर्ण होईल अशा बेताने. झटका दिला तर काटा भलताच आकडा दाखवतो. ओढ मुठीशी काटकोनात असावी. १५ अंशांपर्यंत फरक पडला तर चूक ३-४ टक्क्यांची, ती चालते. त्यापुढे चालत नाही.

काट्यात सर्वाधिक आकडा धरून ठेवायची सोय असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलवर चित्रण करून आकडा नंतर वाचा. काटाच नसेल तर पट्ट्याला बादली लटकवा, जमिनीपासून दीड वीत वर, आणि सावकाश पाणी ओता. तार तुटली की ओतणं थांबवा. लिटरला एक किलो, अधिक बादलीचं वजन. वेळ लागतो, पण हा आकडा झटक्याच्या चुकीपासून मुक्त असतो.

तार घालण्यापूर्वी रिकामा कटर मिटवून त्याचा आकडा घ्या. स्प्रिंग कडक असेल तर दोन-दोन किलो नुसते तिच्यात जातात आणि दिवसाच्या शेवटी तेच मनगटात दुखतात. हा आकडा वजा करायचा नाही, हातालाही तो दर कापाला द्यावाच लागतो. फक्त वेगळा लिहून ठेवा.

तारा एकाच गुंडाळीतल्या घ्या आणि प्रत्येक तुकडा व्हर्नियरने मोजा. जोर जाडीच्या वर्गाने वाढतो. ३ ऐवजी ३.२५ मिमी तार आली तर जोर १७ टक्क्यांनी वाढतो, आणि दोन कटरमधला खरा फरक बऱ्याचदा एवढाच असतो. जीआय तार गेजवर घेत असाल तर १६ गेज म्हणजे १.६३ मिमी, १४ म्हणजे २.०३, १२ म्हणजे २.६४, १० म्हणजे ३.२५ आणि ८ म्हणजे ४.०६ मिमी. गॅल्वनाइझिंगच्या थरामुळे मोजमाप किंचित वर जातं.

क्रम सोप्याकडून अवघडाकडे ठेवा: तांब्याची सिंगल वायर, १४ आणि १० गेजची जीआय तार, ३ मिमीचा खिळा, २ मिमीचा स्टेनलेस सायकल स्पोक, आणि अगदी शेवटी, कटरवर तशी मर्यादा लिहिलेली असेल तरच, पियानो वायर. शेवटी अशासाठी की धारेला खाच पडली तर ती इथे पडेल आणि आधीचे आकडे तरी शाबूत राहतील. प्रत्येक तारेचे सांध्याजवळ, मध्ये आणि टोकाशी पाच-पाच काप घ्या, सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा सोडा, उरलेल्या तिघांची सरासरी काढा.

टोकाचा आकडा पाहून दचकायचं कारण नाही. धार पिनेपासून ८ मिमीवर सुरू होऊन २४ मिमीवर संपत असेल, तर टोकाला तिप्पट जोर लागणं हा तरफेचा नियमच आहे. पाहायचं ते हे की तुम्ही रोज धारेच्या कोणत्या भागाने काम करता. पॅनेलमध्ये किंवा कुंपणाच्या जाळीत टोकच शिरतं; अशा कामाला सांध्याजवळचा सुंदर आकडा निरुपयोगी. लाकडातले खिळे आणि गुंडाळीतली तार तोडणाऱ्याला मात्र तोच आकडा लागतो. काही कटरना पिनेजवळ एक खाच दिलेली असते. जाड तार तिथे बसते, पुढे सरकत नाही आणि जोर कमी लागतो. ४ मिमीच्या आसपासची तार नेहमी तोडायची असेल तर ही खाच असलेलाच घ्यावा.

समजा, दोन कटर तपासले. पहिल्याला १० गेज तार मध्ये तोडायला १४ किलो, ३ मिमीच्या बिटला मुठी १२५ मिमी फाकतात. दुसऱ्याला १९ किलो आणि ८५ मिमी. कागदावर पहिला जिंकतो. पण एका हाताने, शिडीवर उभं राहून, रोज शंभर काप घ्यायचे असतील तर दुसरा घ्यावा. १९ किलो बहुतेक हातांना झेपतात, फाकलेल्या मुठी झेपत नाहीत. दोन्ही हात मोकळे असणाऱ्या बाकावरच्या कामाला पहिला.

शंभर कापांनंतर

धार टिकते का, हे पाहायला ३ मिमीचे खिळे घ्या, एकाच खोक्यातले. धारेच्या मधल्या जागी शंभर काप घ्या. मध्ये थांबत थांबत घेतले तरी चालतं. मग खिळ्यावरचा जोर पुन्हा मोजा आणि कागदाची, तांब्याच्या धाग्याची परीक्षा पुन्हा घ्या.

जोर ५-१० टक्क्यांनी वाढला तर ठीक आहे, नवी धार थोडी बसते. २० टक्क्यांच्या वर गेला तर धार बोथट होत आहे किंवा पिना ढिल्या पडत आहेत. कोणतं ते ओळखणं सोपं आहे. भिंगाखाली धारेवर चकाकती रेघ दिसली तर धार बोथट, कारण धारदार कड प्रकाश परत फेकत नाही. नख धारेवरून हलकेच, लांबीच्या दिशेने फिरवा. जिथे अडेल तिथे खाच. खाच गोलसर, दाबल्यासारखी असेल तर पोलाद मऊ होतं. काठ तुटून टवका उडाल्यासारखी दिसली तर पोलाद फार ठिसूळ होतं किंवा कापताना कटर पिळला गेला. धार स्वच्छ असूनही जोर वाढला, तर आडवी चाल पुन्हा तपासा.

कापलेल्या टोकाकडेही पाहा. चांगल्या कापाला दोन्ही बाजूंनी सारखा उतार येतो. एका बाजूला लांब जीभ राहिली तर धारा एकमेकींसमोर भिडत नाहीत.

इन्सुलेशनच्या नावाखाली होणारी एक गल्लत इथेच मिटवू. रंगीत प्लास्टिकच्या मुठी म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. आयईसी ६०९०० या मानकाप्रमाणे तपासलेल्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. ते नसेल तर मूठ फक्त पकडीसाठी आहे. खूण असली तरी चालू लाइनवरची दोन तारांची केबल एका घासात तोडू नका. शॉर्ट होऊन धारेला वितळलेला खड्डा पडतो आणि हाताला भाजतं. या घरगुती चाचण्या झालेला कटर चालू लाइनच्या कामाला वापरूही नये, व्हाइसमध्ये इन्सुलेशन दबलेलं असू शकतं.

हत्यार कुठे हरतं

बहुतेक कटर झिजून जात नाहीत, चुकीच्या तारेने मरतात. तार ओळखायची साधी रीत म्हणजे ती वाकवून पाहणं. वाकली आणि वाकलेलीच राहिली तर मऊ किंवा खिळ्याच्या वर्गातली. वाकवली की परत उसळून सरळ होत असेल तर कडक. मर्यादेचा तिसरा-चौथा आकडा बघा. वाकतच नसेल किंवा टचकन तुटत असेल, तर ती कठीण केलेली वस्तू आहे: कुलुपाची कडी, ड्रिल बिट, ॲलन की, ताकदवान बोल्ट. अशा वस्तूंना कटर लावू नये. हॅक्सॉ किंवा ग्राइंडर घ्यावा.

तार तुटेना म्हणून मुठीवर पाइप घालणं, हातोड्याने ठोकणं आणि कटर डावी-उजवीकडे हलवत ‘चघळणं’, या तिन्ही गोष्टींत धारेवर आडवा ताण येतो. धार सरळ दाबाला बनलेली असते, आडव्या ताणाला नाही. स्टेनलेसवर तर चघळणं आणखी महाग पडतं, कारण हा धातू दाबला की तिथल्या तिथे कडक होतो आणि दुसरा घास पहिल्यापेक्षा जड जातो. एका दमात तोडायचा, नाहीतर जागा बदलून तोडायचा.

केबल कटर हा वेगळा प्राणी आहे. त्याची चंद्रकोरीसारखी पाती कात्रीसारखी एकमेकींवरून सरकतात आणि ती फक्त तांबं-ॲल्युमिनियमसाठी असतात. आत पोलादी गाभा असलेली ॲल्युमिनियमची तार त्याने तोडली की पात्याला जन्माची खाच पडते. उलट डबल लिव्हर साइड कटरने जाड मल्टिस्ट्रँड केबल तोडली तर ती चपटी होते आणि लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या जोडात, शिरत नाही.

तुटलेला छोटा तुकडा गोळीसारखा उडतो, डबल लिव्हरमध्ये तर जास्तच, कारण जोर शेवटी एकदम मोकळा होतो. तोकडं टोक जमिनीकडे ठेवा आणि त्यावर दुसऱ्या हाताचा तळवा किंवा जाड फडकं धरा.

तेल महिन्यातून एकदा, धुळीत काम असेल तर आठवड्याला. प्रत्येक पिनेवर पातळ मशीन ऑइलचा एक थेंब, वीस वेळा उघडझाप, मग कोरड्या फडक्याने पुसणं. तेलाआधी आणि तेलानंतर रिकाम्या कटरचा आकडा काट्यावर घेऊन पाहा. कोरड्या पिनांमध्ये किती जोर वाया जात होता ते लगेच दिसतं. साध्या पक्कडीचा सैल रिव्हेट कधी कधी ठोकून घट्ट करता येतो. डबल लिव्हरमध्ये तो प्रयत्न करू नये, एक पिन आवळली की दुसरीवरची जुळणी बिघडते. ज्या कटरना नट-बोल्टचे सांधे आहेत त्यांचा नट पाव-पाव फेरा आवळत दिव्यासमोरची फट पुन्हा तपासावी. रिव्हेटचे सांधे ढिले पडले आणि टोकाशी प्रकाश दिसू लागला, तर तो कटर पोलादाच्या कामातून काढून केबल टाय आणि तांब्याच्या तारांच्या पेटीत ठेवावा.